शिरोळ तालुक्यात मेडिकल कॅम्प घेऊन जातोय, सामानाची यादी बघून सांगा

गोळीवाली | १३ ऑगस्ट २०१९, रात्री

मंडळी, पुण्याहून आमचा एक छोटा ग्रुप येत्या शनिवार-रविवारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूरग्रस्त शिरोळ तालुक्यात कॅम्प लावायला जातोय. डॉक्टर आहेत, दोन सिस्टर आहेत, मी फार्मासिस्ट, आणि खोकी उचलायला माझा भाऊ आणि त्याचे मित्र. पैसे बरेच जमलेत, उद्या-परवा होलसेलमधून औषधं उचलायचीयत म्हणून आधी इथे विचारतेय कारण इथे त्या भागातले पण लोक आहेत आणि डॉक्टरही. कच्ची यादी अशी:

पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक्स (अझिथ्रो, सिप्रो, मेट्रो, डॉक्सी), ओआरएस, कफ सिरप १०० बाटल्या, मल्टिव्हिटॅमिन, सलाईन १०० बाटल्या, टीटीची म्हणजे धनुर्वाताची इंजेक्शनं, सापाच्या विषावरचं अँटिव्हेनम मिळालं तर, बँडेज, कापूस, बीटाडीन, डास पळवायची क्रीम, सॅनिटरी पॅड.

काय राहिलं आणि काय जास्तीचं आहे? बिनधास्त सांगा.

शंकासूर | १३ ऑगस्ट, रात्री

चांगलं काम आहे पण एक शंका. टीव्हीवर बघतोय तर निम्मा महाराष्ट्र गाड्या भरून तिकडे निघालाय. १५ ऑगस्ट गुरुवारी आलाय, एक रजा टाकली की चार दिवस सुट्टी, म्हणजे अजून गर्दी. सरकारी पथकं आहेतच की. तुमच्या गाडीने तिथे नेमकी काय भर पडणार? खवचटपणे विचारत नाहीये, खरंच विचारतोय.

कृष्णाकाठ | १३ ऑगस्ट, रात्री

शंकासूर, बरोबर विचारलासा. मी कुरुंदवाडजवळचा आहे, सध्या जयसिंगपुरात पाहुण्यांकडं. ह्यावेळी पाणी २००५ पेक्षा वर गेलं, ज्यांच्या घरात २००५ ला उंबऱ्यापर्यंत आलं हुतं त्यांच्या ह्यावेळी माळ्यावर गेलं. आता पाणी उतरालंय आणि लोकं परत जाऊन घरातला गाळ काढालेत. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे लई झालेत, रस्त्याकडंला ढीग पडलेत. औषधाचं म्हणाल तर मोठ्या रस्त्यावरच्या गावात कॅम्पवर कॅम्प लागालेत, आमच्या मामीनं तीन ठिकाणी दाखवलं आणि तिन्ही ठिकाणी तीच पॅरासिटामॉल आणि लाल व्हिटॅमिन. तिला पाहिजे होती रोजची बीपीची गोळी. ती कुणाकडं नव्हती. तिचं नाव काय तर म्हणती पांढरी बारकी गोळी, पाकीट गेलं पाण्यात, डॉक्टरची चिठ्ठी गेली पाण्यात.

ताई, यायचं तर या, पण रोजच्या गोळ्या आणा आणि चिखल्यांचं मलम आणा. बाकीचं इथं मिळालंय.

डॉ_बिनखुर्चीचा | १३ ऑगस्ट, रात्री उशिरा

कृष्णाकाठ यांनी दोन ओळीत सगळं सांगितलं, मी फक्त विस्तार करतो. मी फिजिशियन आहे, पूर-भूकंपाच्या कॅम्पना जाऊन आलोय.

पूर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर कॉलरा आणि साप येतात. ओपीडीत समोर बसतात ते वेगळेच. पायाच्या बोटांच्या बेचक्यात सडलेली कातडी, खरूज, कापलेले-खरचटलेले पाय, पाठदुखी कारण दिवसभर गाळ उपसतायत, सर्दी-ताप, थोडे जुलाब. आणि मग ही मोठी रांग, बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, फिट्स यांची, ज्यांची औषधं आठवडाभर बंद आहेत. यातला फिट्सचा पेशंट सगळ्यात धोक्यात, त्याची गोळी अचानक बंद झालेली चालतच नाही. ती सगळ्यात आधी आठवावी लागते आणि ती नेमकी कुठल्याच यादीत नसते.

तुमच्या यादीत काटछाट करतो, राग मानू नका.

सलाईन १०० बाटल्या कशाला? एक बाटली अर्ध्या किलोची, १०० म्हणजे ५० किलो नुसतं पाणी वाहून नेणार. ज्याला खरंच सलाईनची गरज आहे त्याला तुमच्या कॅम्पमध्ये ठेवायचंच नाहीये, ग्रामीण रुग्णालयात पाठवायचंय. वाटेत लावायला दहा-बारा पुरे, आणि आयव्ही सेट, कॅन्युला त्याच पिशवीत, नाहीतर बाटली सापडते आणि सेट सापडत नाही.

अँटिव्हेनम नेऊ नका. सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल (कुप्या) लागतात, रिअॅक्शन आली तर अॅड्रेनालिन, ऑक्सिजन आणि सतत लक्ष लागतं, शाळेच्या व्हरांड्यात ते होत नाही. त्यापेक्षा कुठल्या रुग्णालयात स्टॉक आहे ते आधी फोन करून विचारा, कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि एक गाडी ड्रायव्हरसकट मोकळी ठेवा.

कफ सिरप रद्द. सिप्रो, मेट्रो थोडंच.

टीटी हवंच आहे पण ती लस आहे, २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे. पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून नेलेली लस बर्फाला चिकटून गोठली तर वाया जाते आणि तुम्हाला कळतही नाही. पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) सांगा, ते लस थंड ठेवायच्या पेटीसकट त्यांची एएनएम सिस्टर (आरोग्यसेविका) पाठवतात. इन्शुलिनचं पण तेच, गोठू द्यायचं नाही.

गोळीवाली | १४ ऑगस्ट, सकाळ

राग कसला, याच्यासाठीच तर विचारलं. कफ सिरप आणि अँटिव्हेनम उडवलं. रोजच्या गोळ्यांमध्ये काय काय आणि किती दिवसांच्या देऊ? आणि डॉक्सी सगळ्यांना वाटायची का? व्हॉट्सअॅपवर फिरतंय की पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने घ्यावी.

डॉ_बिनखुर्चीचा | १४ ऑगस्ट, सकाळ

रोजच्या: अॅम्लोडिपिन ५, टेल्मिसार्टन ४०, अॅटेनोलॉल ५०, मेटफॉर्मिन ५००, ग्लिमेपिराइड १, अॅस्पिरिन ७५, अॅटोर्वास्टॅटिन, थायरॉक्सिन ५० आणि १००, फेनिटॉइन, लेव्हेटिरॅसिटाम, सालब्युटामॉलचे इनहेलर. हे सगळं जनऔषधीत स्वस्त मिळतं. १५ दिवसांच्या द्या, तोवर पीएचसीची ओपीडी रुळावर येते. बीपीची मशीन दोन घ्या आणि जास्तीचे सेल घ्या. ग्लुकोमीटर असेल तर स्ट्रिप्स त्याच मॉडेलच्या आहेत का बघा, हे ऐकायला बावळटपणाचं वाटतं पण दर कॅम्पला कोणीतरी दुसऱ्याच कंपनीच्या स्ट्रिप्स आणतं.

पांढरी बारकी गोळी म्हणणाऱ्या मामींना अंदाजाने गोळी देऊ नका. बीपी मोजा, पायाला सूज आहे का बघा, सकाळी घेत होता की रात्री, गावात औषध कुठून घेत होता ते विचारा. बऱ्याचदा तिथल्या मेडिकलवाल्याला तोंडपाठ असतं.

डॉक्सी लेप्टोसाठी, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापासाठी. गाळ-पाण्यात रोज काम करणाऱ्या मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जोवर त्या पाण्याशी संबंध आहे तोवर. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध ठरवतील. जेवण झाल्यावर भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. मूठभर काढून रांगेत वाटायचं औषध नाही हे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तिथे काय ठरवलंय ते विचारून त्यांच्याच पद्धतीने द्या, नाहीतर सरकारी पथकाने कालच दिलेल्याला तुम्ही आज परत द्याल.

आणि डॉक्सी घेतली म्हणून गमबूट नको असं नाही. तुमच्या मुलांनाही हेच लागू.

आजीचा_बटवा | १४ ऑगस्ट, दुपार

मी रिटायर्ड कंपाउंडर, किल्लारीच्या भूकंपात १९९३ ला लातूर भागात ड्युटीवर होतो. तेव्हाचं सांगतो. औषधांच्या गाड्या आल्या पण निम्म्या खोक्यांवर आत काय आहे तेच लिहिलेलं नाही. एका खोक्यात डोळ्याचे थेंब, त्याच्याखाली फिनाइल, त्याच्याखाली सॅम्पलच्या गोळ्या एक एक पट्टी. ते उपसायला जी माणसं लागली ती ड्रेसिंगला पाहिजे होती. त्यामुळे ताई, औषध थोडं कमी आणा पण लावून आणा.

एमआर लोकांची (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची) सॅम्पल आणि लोकांच्या घरातली उरलेली पाकिटं अजिबात घेऊ नका, कोणी कितीही प्रेमाने दिली तरी. नाही म्हणायला जड जातं पण म्हणा.

चिखल्यांना व्हिटफिल्डचं मलम आणि जांभळं औषध, जुनं ते सोनं. क्लोट्रिमाझोलच्या ट्यूब महाग पडतात, त्या थोड्या. पण पाय कोरडा झाल्याशिवाय कुठलंच मलम चालत नाही. म्हणून मलमासोबत एक जुनं सुती धोतर फाडून केलेलं फडकं द्या आणि रात्री पाय धुवून पुसून मग लावा म्हणून सांगा. फडकं दिलं की माणूस पुसतो, नुसतं सांगितलं की नाही पुसत.

न्यूजर्सीकर | १४ ऑगस्ट, दुपार (तुमची)

इथल्या मंडळात औषधं गोळा करायचं चाललंय, बऱ्याच डॉक्टरांकडे स्टॉक आहे, कुरिअरने किंवा येणाऱ्या माणसाबरोबर पाठवू का? दोन सुटकेस तर सहज भरतील.

गोळीवाली | १४ ऑगस्ट, दुपार

भावना पोचल्या पण प्लीज नको. कस्टम्सचा त्रास आहेच, पण तिथल्या ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत, ताकद वेगळी, आणि पोचेपर्यंत एक्सपायरी जवळ आलेली. डब्ल्यूएचओचे १९९६ पासून औषधदानाचे नियम आहेत, पोचल्यावर किमान एक वर्ष एक्सपायरी बाकी पाहिजे, पेशंटला दिलेलं आणि परत आलेलं औषध चालत नाही, लेबल तिथल्या लोकांना वाचता आलं पाहिजे. ते उगाच नाही केलेत. बोस्नियाच्या युद्धात हजारो टन बिनकामाची औषधं साठली. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियात आचे प्रांतात ४,००० टन औषधं येऊन पडली. त्यातली कितीतरी नंतर नुसती नष्ट करावी लागली, त्याचाही खर्च त्यांनाच.

तुमची एक सुटकेस जेवढ्याची, तेवढ्या पैशात मी इथे जनऔषधीतून टेम्पो भरते. पैसे पाठवा, पण आम्ही रजिस्टर्ड संस्था नाही त्यामुळे परदेशातून आम्हाला थेट घेता येत नाहीत. त्यापेक्षा तुमच्या इथल्या भावा-बहिणीला सांगा.

न्यूजर्सीकर | १४ ऑगस्ट, रात्री (तुमची)

समजलं. मंडळात हाच तुमचा प्रतिसाद वाचून दाखवतो. बहीण ठाण्यात आहे, तिला सांगितलंय.

शंकासूर | १४ ऑगस्ट, रात्री

माझी शंका फिटली, आता पैसे मीही देतो. अजून एक विचारतो, पिण्याच्या पाण्याचं काय? विहिरी-बोअर सगळं बुडालं असेल ना.

पाणक्या | १४ ऑगस्ट, रात्री

हा माझा प्रांत. गावाच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं आहे, त्यात बाहेरच्यांनी हात घालू नये, पण ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासायची) केली का एवढं गोड बोलून विचारावं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही.

घरगुती पाण्यासाठी तुम्ही मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) आणि क्लोरीनच्या गोळ्या न्या. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, पाकिटावर एक गोळी किती लिटरला ते बघून घ्या, २० लिटरची हंडा-घागरीच्या हिशोबाला सोपी पडते. गढूळ पाण्यात टाकून उपयोग नाही, आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, फडक्याने गाळा, मग गोळी, मग अर्धा तास थांबा. आणि ही गोळी पाण्यात टाकायची आहे, गिळायची नाही, हे ओरडून सांगा! तापाच्या गोळ्यांच्या टेबलावरून ही देऊच नका, दुसरं टेबल, दुसरा माणूस.

डॉ_बिनखुर्चीचा | १४ ऑगस्ट, रात्री

पाणक्या, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. तसंच ओआरएसचं. बाजारात एक लिटरची पुडी मिळते आणि एका ग्लासाची छोटी पण मिळते. दोन्ही नेऊ नका, एकच न्या, लिटरची. नाहीतर लोक मोठी पुडी ग्लासात ढवळतात आणि ते मुलाला उलट त्रासाचं. लिटरची रिकामी बाटली समोर धरून दाखवा, बाटल्या तिथे ढिगाने पडल्यात म्हणताय ना, त्या कामी येतील. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. मुलांच्या जुलाबाला झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवर २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. जुलाब थांबायच्या गोळ्या लहान मुलांना नाही म्हणजे नाही.

चिखलात झालेली जखम दिसली की टाके घालायचा मोह आवरा. धुवा, भरपूर धुवा, उघडी ठेवा, ड्रेसिंग करा, दोन-तीन दिवसांनी कोण बघणार ते ठरवून चिठ्ठी द्या.

गोळीवाली | १५ ऑगस्ट, दुपार

झेंडावंदन झालं आणि आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये पॅकिंग सुरू झालं. राख्यांच्या मिठाईचे बॉक्स बाजूला आणि औषधं टेबलावर. कसं करतोय ते लिहिते म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

पुठ्ठ्याची खोकी बाद. ओल्या जमिनीवर एका रात्रीत बूड सुटतं. भाजीवाल्यांकडचे प्लास्टिकचे क्रेट घेतलेत, आत जाड पॉलिथिन. एका माणसाला उचलता येईल एवढंच वजन, कारण पुढे ट्रॅक्टर नाहीतर डोक्यावरून न्यावं लागेल.

औषधं एबीसीडीप्रमाणे लावली नाहीत, तक्रारीप्रमाणे लावली. पाय-कातडी एक क्रेट, जखमा एक, ताप-दुखणं एक, जुलाब-पाणी एक, बीपी-शुगर एक, मुलांचं एक, बायकांचं एक. पॅड, आतले कपडे, लोहाच्या गोळ्या या शेवटच्या क्रेटमध्ये, आणि तो क्रेट सिस्टर स्वतःच्या ताब्यात ठेवणार, सगळ्यांसमोर पॅड मागायला कोणी येत नाही. प्रत्येक क्रेटच्या झाकणाला आतून आणि बाहेरून यादी, फोनमध्ये फोटो.

बीपीच्या गोळ्या आधीच सुट्या करून पुडीत भरूया म्हणून भावाचे मित्र मागे लागलेले. नाही म्हटलं. टेल्मिसार्टनला दमट हवा चालत नाही, पट्टीतून काढली की खराब होते, आणि ऑगस्टात तिथली हवा म्हणजे काय ते सांगायला नको. पट्टी अख्खीच द्यायची. कापावीच लागली तर नाव आणि एक्सपायरी दोन्ही शाबूत राहतील अशी. झिपलॉक पिशवीवर मार्करने सूर्य आणि चंद्र काढतोय, सकाळची आणि रात्रीची. पिशवीवर औषधाचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात, म्हणजे पुढच्या वेळी पांढरी बारकी म्हणायची वेळ येणार नाही.

सगळी बिलं एका फाइलमध्ये. डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशनच्या झेरॉक्स पण त्यातच. तपासणीचं रजिस्टर कार्बनवालं, एक प्रत पेशंटला, एक पीएचसीला.

कचरा: सुया तोडायचा हब कटर, सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा, ड्रेसिंगचा कचरा पिवळ्या पिशवीत, आणि हे सगळं आम्ही परत घेऊन येणार. पुराने आधीच एवढी घाण केलीय त्यात आपली सुई नको.

आमची स्वतःची सोय: जेवण, पाणी, अंथरूण, टॉर्च, गमबूट, सगळं सोबत. तिथल्या कोणाच्या घरी चहा सुद्धा मागायचा नाही असं मुलांना बजावलंय.

आजीचा_बटवा | १५ ऑगस्ट, संध्याकाळ

चहा मागू नका, पण कोणी दिला तर नाही म्हणू नका. घर धुवून पहिला चहा टाकलेला असतो माणसाने.

यादीत चष्मे नाहीत. वाचायचे चष्मे, दीड ते अडीच नंबरचे स्वस्तातले, शंभरभर न्या. म्हाताऱ्यांचे वाहून गेले की औषधाच्या पट्टीवरचं वाचता येत नाही, भरपाईचा फॉर्म वाचता येत नाही.

कृष्णाकाठ | १५ ऑगस्ट, रात्री

चष्म्याचं लई भारी सांगितलासा काका.

ताई, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन आलो. त्यांनी सांगितलंय कुरुंदवाड आणि नृसिंहवाडीत आता कॅम्प नको, नदीकडंच्या लांबच्या दोन गावात जावा, एका दिवशी एक. नावं तुम्हाला मेसेज केल्यात. आशाताईला सांगून ठेवलंय, ती घरोघर जाऊन बीपी-शुगरवाल्यांची यादी करालीय. तिच्या यादीत टीबीचे पण पेशंट आहेत, त्यांच्या पण गोळ्या गेल्यात.

डॉ_बिनखुर्चीचा | १५ ऑगस्ट, रात्री

टीबीच्या गोळ्या तुम्ही देऊ नका, सरकारी मोफत कोर्स असतो आणि नोंद असते. आशाताईंना म्हणा नावं आजच पीएचसीला कळवा, शनिवारची वाट बघू नका. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांचं पण तसंच, फक्त ते चारचौघांत विचारायचं नाही.

शंकासूर | १५ ऑगस्ट, रात्री

मागे म्हटलं होतं भर काय पडणार. आशाताईची यादी कॅम्पच्या आधी तयार होतीय म्हटल्यावर आता शंका शिल्लक नाही. चष्म्यांचे पैसे माझ्याकडून.

गोळीवाली | १६ ऑगस्ट, सकाळ

चष्मे अप्पा बळवंत चौकाजवळ मिळाले, घेतले. कृष्णाकाठ, आज रात्री निघतोय. पेठ नाक्यावरून इस्लामपूर, सांगली, जयसिंगपूर असा विचार आहे, रस्ता कसा आहे? आणि सकाळी आठला कॅम्प सुरू करायचा म्हणतोय, चालेल ना?

कृष्णाकाठ | १६ ऑगस्ट, दुपार

रस्ता आज चालू आहे, तरी कराड सोडल्यावर एक फोन टाका, सांगलीत आत कुठनं काढायचं ते तेव्हा सांगतो. टेम्पो जयसिंगपुरात आमच्या पाहुण्यांच्या दारात लावा, तिथनं पुढं ट्रॅक्टर ठरवलाय, चिखलात टेम्पो रुतंल.

सकाळी आठला नको. ह्या टायमाला सगळी गाळ काढालेली असतात, पंचनाम्याला तलाठी पण सकाळीच येतोय, घर सोडून कोण येणार नाही. म्हातारी माणसं तेवढी सकाळी बसवा, आशाताई आणून सोडती. बाकीच्यांना ४ नंतर. शाळेच्या दोन खोल्या धुवून घेतल्यात, बाकडी आहेत, लाईट नाही.

गोळीवाली | १६ ऑगस्ट, दुपार

बरं, म्हातारी सकाळी, बाकी ४ ते अंधार पडेपर्यंत. दोन बॅटरीचे कंदील वाढवते.